लॅनला रेंज लागत नाही

कोकणातल्या मसुऱ्यात अडलेल्या प्रत्येक कामाला एक उत्तर तयार असतं: रेंज नाय. आंगणेवाडीच्या जत्रेदिवशी गर्दीमुळे ते खरंही असतं. पण नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करणारा मुलगा हेच कारण सांगून पुण्याचा क्लास गाठतो, तेव्हा त्याला विचारावंसं वाटतं: अरे झिला, तू शिकतोस ते लॅन. एका खोलीतले, फार तर एका इमारतीतले संगणक एकमेकांना जोडायचे. त्याला रेंज कशाला?

या वाटेवरची सर्वांत परिचित परीक्षा म्हणजे सिस्कोची सीसीएनए. फेब्रुवारी २०२० पासून तिचा २००-३०१ हा एकच पेपर आहे. वेळ १२० मिनिटं, शुल्क ३०० डॉलर, म्हणजे पंचवीस हजारांच्या वर. पुढच्या प्रश्नावर गेलं की मागे येता येत नाही. नापास झालात तर पुन्हा तेवढेच पैसे, आणि पास झालात तरी प्रमाणपत्र तीनच वर्षांचं. इतका पैसा पणाला लागला की सुचते ती पळवाट: परीक्षेतून फुटलेल्या प्रश्नांचे ‘डम्प’ मिळवायचे आणि घोकायचे. पकडलं गेलं तर प्रमाणपत्र रद्द होतं, हा भाग वेगळाच. परीक्षा मंडळाचा कोकण विभाग २०१२ मध्ये वेगळा झाल्यापासून दहावीच्या निकालात राज्यात पुढेच असतो, आणि त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण निकालासाठी घोकण्याची सवय इथे आडवी येते. बंद पडलेल्या नेटवर्क स्विचसमोर उभं केल्यावर पाठांतर कामाला येत नाही.

खरी तयारी कशी होते पाहा. जुना साधा स्विच घ्या आणि एकाच केबलची दोन्ही टोकं त्यात खुपसा. एका संगणकाने सर्वांना उद्देशून टाकलेला निरोप आतल्या आत फिरत राहतो, वाढत जातो आणि काही क्षणांत सगळी खोली ठप्प होते. आता तोच उद्योग मॅनेज्ड स्विचवर करा. तिथे राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये रचलेला स्पॅनिंग ट्री नावाचा प्रोटोकॉल राखण करत असतो. तो फेरा ओळखतो आणि एक वाट बंद करतो. त्या पोर्टचा दिवा नारिंगीच राहतो. सरळ जोडलेल्या पोर्टचा दिवासुद्धा, जुन्या पद्धतीच्या मांडणीत, हिरवा व्हायला तीसेक सेकंद घेतो. ते तीस सेकंद ज्याने ‘केबल खराब असावी’ म्हणून चडफडत काढले, त्याला पंधरा सेकंद ऐकणं आणि पंधरा सेकंद शिकणं हे स्विचचे टप्पे पाठ करावे लागत नाहीत. सबनेटिंगचंही, म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडण्याचंही, तसंच. /२६ म्हणजे ६४ पत्ते, त्यातले वापरायला ६२, हे वहीत सोपं असतं. एका संगणकाला ६२ आणि शेजारच्याला ६६ पत्ता दिला आणि हाताच्या अंतरावरचे दोघे बोलेनात, की मग ते अंगात मुरतं.

यासाठी लागतं काय? दोन-तीन जुने संगणक, केबल, क्रिम्पिंगची पक्कड आणि एक वापरलेला मॅनेज्ड स्विच. गणपतीला येणाऱ्या एखाद्या चाकरमान्याने मिठाईच्या पुड्यांबरोबर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तेवढा आणला तर मोदक काही रागावणार नाहीत. राउटर नसतील तर सिस्कोचा पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो. तो उतरवून घेताना आणि लॉगिनला इंटरनेट लागतं, सराव मात्र त्याच संगणकावर चालतो. शिवाय चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय धड जात नाही, त्यामुळे आपल्याकडच्या इमारतींना केबल जाणणारा माणूस शहरापेक्षा जास्त लागतो. (मिरगाआधी वीज कडाडली की केबल काढून ठेवायची, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. ते इथेच शिकायला मिळतं.)

आणि खोली? ती आहे, कुलपात. आयसीटी योजनेतून राज्यभरातल्या शाळांना संगणक मिळाले. कराराची पाच वर्षं संपली तसे शिकवणारे गेले आणि संगणक राहिले. एका शाळेकडे बोट दाखवायचं नाही. कोकणातल्या कुठल्याही गावात विचारा, किल्ली कुणाकडे असते आणि ती शेवटची कधी फिरली. दहा वर्षांपूर्वीचा संगणक सरकारी अर्ज भरायला कुचकामी असेल, लॅन शिकायला तो छान चालतो. तो बिघडला तरी बिघडत नाही, कारण दुरुस्ती हाच तर धडा आहे.

तेव्हा शाळा सुटल्यावर संध्याकाळी तीन तास ही खोली गावातल्या बारावी, आयटीआय, डिप्लोमा झालेल्या मुलामुलींसाठी उघडावी, एवढीच मागणी आहे. प्रत्यक्ष परीक्षेला खुशाल शहरातलं केंद्र गाठावं; तो एका दिवसाचा प्रवास आहे, दोन वर्षांच्या भाड्याच्या खोलीचा नव्हे. वीजबिल कोण भरणार, हा प्रश्न शाळेच्या समितीत उठेलच. दोन संगणक आणि एक स्विच तीन तास चालले तर साधारण एक युनिट जळतं. समितीच्या बैठकीत चहा उकळायला याहून फार कमी वीज लागत नसावी.