धागा कुणी भरून ठेवायचा?

पैठणी विणणाऱ्यांना हल्ली उठसूट एक सल्ला ऐकवला जातो. रेशमाचा भाव हलता असतो, तेव्हा धागा भरून ठेवा. एकाच व्यापाऱ्यावर विसंबू नका, दोन-तीन हाताशी ठेवा. सल्ला शहाणपणाचा आहे, पण तो चुकीच्या माणसाला दिला जातो.

येवल्यात एका घरी मी अर्धी विणलेली साडी मागावर थांबलेली पाहिली. स्वतःच्या पैशाने धागा आणणारा विणकर. बाण्याचे जांभळे रेशीम संपले होते. रंगाऱ्याने त्याच रंगाची नवी लड दिली होती. ती दारातल्या उजेडात जुन्या लडीशेजारी धरली तर किंचित लाल मारत होती. तीच लावून विणले असते, तर अंगावर आडवा पट्टा उठला असता. विणकर म्हणाला, "गिऱ्हाईक मोर नंतर बघतं, पट्टा आधी." मग त्याने आधीच जास्त धागा का रंगवला नाही? रेशीम किलोला हजारोंच्या घरात, आणि पैसा हातात येतो तो साडी उतरून विकली गेल्यावर. त्याला साठ्याचे महत्त्व शिकवणे म्हणजे उपाशी माणसाला कणगी बांधायला सांगणे.

दोन-तीन व्यापाऱ्यांची गोष्टही तशीच. येवल्याला रेशीम येते मुख्यतः बंगळुरूहून, जर सुरतेहून. दुकाने तीन असली तरी विहीर एकच. 2020 च्या टाळेबंदीत हे उघड झाले. वाहतूक थांबली तेव्हा सगळ्याच दुकानांची वाट बंद झाली.

म्हणून साठा हवाच, पण तो सामाईक. येवल्यातच धाग्याचे भांडार असावे आणि विणकराला एका साडीपुरता धागाही मिळावा. कल्पना नवी नाही. विणकरांना सूत पुरवण्यासाठी केंद्राने 1983 सालीच राष्ट्रीय हातमाग विकास महामंडळ स्थापन केले. ते तत्त्व मागाच्या दारापर्यंत आणणे एवढेच मागणे आहे.

दुसरी विहीरही खणता येईल. मराठवाड्यात तुती वाढली आहे, 2018 पासून जालन्यात कोषांचा बाजार भरतो. पण किलोभर रेशमाला साधारण सात-आठ किलो कोष लागतात, आणि ते उकलून धाग्याला पीळ देण्याची सोय इथे अपुरी. म्हणून इथला कोष कर्नाटकातल्या रामनगरला जातो आणि त्याचे रेशीम आपण बाहेरचे म्हणून विकत घेतो. कुणी म्हणेल, इथले रेशीम ताण्याला टिकत नाही, सारखे तुटते. ताण्याला एकसारखा, न तुटणारा धागा लागतो, हे खरेच. तर सुरुवात बाण्यापासून करा. बाणा बराच सोशिक असतो.

आणि ज्या दुकानात पैठणी चढ्या भावाने विकली जाते, त्या दुकानाने मागणी नोंदवतानाच पूर्ण साडीच्या धाग्याचे पैसे द्यावेत. म्हणजे साडीभर रेशीम एकाच रंगवणीत निघेल, ताणा मागावर चढण्याआधी.