भीतीला दहापैकी किती?

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेत भीतीचा हंगाम सुरू होतो. आपल्याकडे आंब्याचा असतो ना, तसाच. ३१ तारखेला हॅलोविन, पण तयारी महिनाभर आधीपासून. घरांच्या पायऱ्यांवर नारिंगी भोपळे येऊन बसतात, अंगणातल्या झाडांना सांगाडे लटकतात आणि दुकानात चॉकलेटच्या थैल्यांशेजारी प्लॅस्टिकच्या कवट्या मांडलेल्या असतात. रात्रीची जेवणं आटोपली की घरोघरी भयपट लागतात. ३१ दिवसांत ३१ भयपट पाहायचे, असा नेम धरणारेही पुष्कळ. श्रावणात आपण पोथी लावतो आणि रोज एक अध्याय वाचतो, त्याच निष्ठेनं ही मंडळी रोज एक भूत पाहतात. आणि पाहून झालं की त्याला गुण देतात. कुणी पाचपैकी तारे देतं, कुणी दहापैकी आकडा. महिनाअखेरीस गुणवत्ता यादी तयार!

मला लिहायचं आहे ते या गुण देण्याबद्दल. भुतांशी माझं वैर नाही. पण गुण देण्याच्या धंद्यात मी तीस-पस्तीस वर्षं काढली आहेत. बँकेत कर्जाचा अर्ज आला की अर्जदाराची पत ठरवायची, म्हणजे एका जित्याजागत्या माणसाला आकड्यात बसवायचं. त्या नोकरीत एक गोष्ट हाडीमाशी भिनली. आकडा सर्वांत शेवटी लिहायचा. आधी दुकान पाहायचं, वह्या पाहायच्या, माणसाशी बोलायचं आणि पाहणीचा शेरा लिहायचा. शेरा नसलेला आकडा वरिष्ठांना पाठवला, तर फाईल तशीच परत यायची. भीतीच्या बाबतीत जग नेमकं उलटं चाललं आहे. आकडे ढीगभर आणि शेरा कुठेच नाही.

आता हे आकडे मोजतात तरी काय, ते पाहा. अमेरिकेत चित्रपटाच्या नावापुढे टक्केवारी छापलेली दिसते. 'रॉटन टोमॅटोज' नावाच्या ठिकाणी एखाद्या भयपटाला ९५ टक्के मिळाले, म्हणजे शंभरातले ९५ गुण मिळाले, असं आपण धरून चालतो. तसं ते नसतं. शंभरातल्या ९५ समीक्षकांचं मत अनुकूल पडलं, एवढाच त्याचा अर्थ. त्या सगळ्यांनी 'ठीक आहे बुवा' म्हटलं असलं, तरी टक्के ९५च! दुसरीकडे 'सिनेमास्कोअर' नावाची संस्था चित्रपट लागतो त्याच दिवशी थिएटरातल्या प्रेक्षकांच्या हाती कार्ड देते आणि त्यांच्याकडून शाळेसारखी श्रेणी घेते. २०१८ साली 'हेरेडिटरी' आला. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि थिएटरातल्या प्रेक्षकांनी दिली 'डी प्लस'. म्हणजे आपल्या भाषेत काठावर पास. उलट 'द कॉन्ज्युरिंग'ला २०१३ साली त्याच प्रेक्षकांकडून 'ए मायनस' मिळाली होती. भयपटांच्या दुनियेत ही श्रेणी दुर्मीळ समजली जाते.

यात खोटं कुणीच बोलत नाही. ज्यानं पॉपकॉर्न घेऊन, दोन किंकाळ्या मारून, हसत घरी जायच्या तयारीनं तिकीट काढलं, त्याच्या पुढ्यात एका घरातलं मृत्यूचं दुःख ठेवलं, तर तो रागावणारच. त्यानं दिलेली श्रेणी ही चित्रपटाची कमी आणि त्याच्या अपेक्षाभंगाची जास्त असते. अहो, उपवासाच्या दिवशी कुणी उत्तम बिर्याणी वाढली, तर तिला आपण किती गुण देऊ?

ज्या चित्रपटानं या सणाचं नावच घेतलं, तो 'हॅलोविन' १९७८ सालचा. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर. पैसा इतका तुटपुंजा, की सारा खर्च तीन-सव्वातीन लाख डॉलरांत बसवायचा होता. कथा घडते इलिनॉयमधल्या एका कल्पित गावी, ऑक्टोबरच्या पानगळीत. चित्रीकरण झालं कॅलिफोर्नियात, आणि तेही वसंतात! मग पानं रंगवून रस्त्यावर पसरायची, दृश्य झालं की गोळा करायची आणि पुढच्या दृश्याला पुन्हा वापरायची. खुन्याचा तो प्रसिद्ध मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा साधा मुखवटा. त्यालाच पांढरा रंग फासला. संगीतही कार्पेंटरनंच दिलं, पियानोवर पाच मात्रांची एक धून. रक्त तर त्यात फारसं दिसतच नाही. एखादी काटकसरी गृहिणी उरलेल्या भाकरीतून झकास पदार्थ करते, तसा हा चित्रपट.

या चित्रपटाला गुण किती मिळाले? शिकागोच्या रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी चार तारे दिले. 'न्यूयॉर्कर'च्या पॉलीन केल यांना तो मुळीच रुचला नाही. दोघंही आपापल्या क्षेत्रातली दिग्गज माणसं. या दोघांची सरासरी काढून आपण काय मिळवणार? थंड पाण्यात एक पाय आणि उकळत्यात दुसरा ठेवून 'सरासरी कोमट' म्हणण्यातलाच तो प्रकार.

त्यातून काळ ही चीज निराळीच. स्टॅन्ली कुब्रिकचा 'द शायनिंग' १९८०चा. वर्षातल्या वाईटातल्या वाईट चित्रपटांना चिडवणारी 'रॅझी' पारितोषिकं तेव्हा नुकतीच सुरू होत होती. त्यांच्या पहिल्याच यादीत 'वाईट दिग्दर्शक' म्हणून कुब्रिकचं आणि 'वाईट अभिनेत्री' म्हणून शेली ड्युव्हालचं नामांकन होतं. ड्युव्हालचं नामांकन त्या मंडळींनी मागे घेतलं ते २०२२ साली! कार्पेंटरचाच 'द थिंग' १९८२च्या उन्हाळ्यात आला. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा तो गोड परग्रहवासी 'ई. टी.' आला होता आणि सारी अमेरिका त्याच्या प्रेमात होती. त्या हवेत हा भयानक परग्रहवासी कुणाला हवा होता? समीक्षकांनी झोडपलं, गल्ल्यानंही निराशा केली. आज मात्र उत्तम भयपटांच्या यादीत त्याचं नाव वगळायची कुणाची छाती होत नाही. आपल्याकडेही नारायण धारपांच्या कथेतून बीज घेतलेल्या 'तुंबाड'चं असंच झालं. २०१८ साली जेवढं उत्पन्न झालं, त्याहून जास्त २०२४ साली तो पुन्हा लागला तेव्हा झालं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही मुदत ठेव. चालू खात्यात तिचा हिशेब लागत नाही.

इथवर मामला गमतीचा आहे. समीक्षक चुकले काय आणि प्रेक्षक रागावले काय, कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते घरात.

माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. एका ऑक्टोबरात मी तिच्याकडे होतो. फ्रिजवर चुंबकानं एक तक्ता लावलेला होता. आडव्या ओळीत चित्रपटांची नावं आणि उभ्या रकान्यांत घरातल्यांची व शेजारच्या मुलांची. जावई उत्साही. तेच तक्त्याचे हिशेबनीस. मोठ्यांचे चित्रपट मुलं निजल्यावर, आणि मुलांसाठी निवडलेले शनिवारी दुपारी, अशी व्यवस्थाही चोख होती. माझी नात तेव्हा नऊ वर्षांची. तिचा रकाना मी वाचला. दोन, एक, दोन, शून्य. शेजारची मुलं तेरा-चौदा वर्षांची. त्यांचेही आकडे तसेच. मी म्हटलं, "वा, आमची छोकरी भलतीच शूर दिसते!" मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, गेले दहा दिवस ती दिवा लावून झोपतेय. संडासला जातानासुद्धा मला दारात उभं करते."

नातीला मी नंतर एकटीला गाठून विचारलं. ती म्हणाली, "आजोबा, जास्त नंबर दिला तर ते मला बेबी म्हणतात."

मला वाटतं, साऱ्या प्रश्नाची किल्ली या एका वाक्यात आहे. भीतीला गुण द्यायला लावलं की ती परीक्षा चित्रपटाची उरत नाही, पाहणाऱ्याची होते. कमी गुण देणारा शूर, जास्त देणारा भित्रा. मग मूल आकडा खाली आणतं आणि भीती पोटात ठेवतं. आपल्याला काय वाटतं आहे ते खरं सांगू नये, हे ते एका कागदाच्या तक्त्यावरून शिकतं. भुतापेक्षा मला याचीच धास्ती जास्त वाटते. भूत पडद्यावरून जातं. ही सवय मात्र जन्मभर साथ देते.

कुणी म्हणेल, असली थेरं हवीतच कशाला? मुलांना भीतीपासून दूर ठेवा म्हणजे झालं. मला हे पटत नाही. आपण काय भुतांवाचून वाढलो? कोकणातल्या आज्या पावसाळ्याच्या रात्री मुंजा, हडळ, चकवा नि वेताळ यांना ओटीवर बोलावूनच गोष्ट सांगत. हॅलोविन तरी निराळा कुठे आहे? मुळात ती सर्व संतांच्या सणाची आदली रात्र. तिच्यात आयर्लंडमधल्या जुन्या चालीरीती मिसळल्या. तिथली माणसं सलगमचे कंद कोरून दिवे करीत. ती अमेरिकेत आली आणि त्यांना भोपळा सापडला. वर्षातून एकदा मेलेल्यांची आठवण काढावी, अंधाराकडे थोडं पाहावं आणि मग गोड खावं, ही माणसाची जुनी गरज आहे. आपला पितृपक्ष सरला की पाठोपाठ सणच येतात.

पण आजीच्या गोष्टीत आणि चित्रपटात एक फार मोठा फरक आहे. आजी सांगता सांगता नातवाच्या तोंडाकडे पाहायची. डोळे फार विस्फारले, की हडळीचे उलटे पाय सुलट व्हायचे, किंवा अचानक मारुतीराया अवतरायचा. भीतीची मात्रा ऐकणाऱ्याकडे पाहून ठरायची. पडद्याला डोळे नसतात. समोर चाळिशीचा गृहस्थ बसला आहे की नऊ वर्षांची मुलगी, हे त्याला कळत नाही.

याचं एक बोलकं उदाहरण १९६८ सालचं आहे. जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' त्या ऑक्टोबरात आला. कोणता चित्रपट कोणत्या वयाला, हे सांगणारी अमेरिकेतली श्रेणीपद्धत सुरू झाली त्याच्या पुढच्या महिन्यात. तेव्हा आईबापांनी नेहमीचाच भुताखेतांचा चित्रपट समजून मुलांना दुपारच्या खेळाला सोडलं. तेच रॉजर ईबर्ट शिकागोच्या एका थिएटरात त्या मुलांमध्ये बसले होते. त्यांनी जे लिहिलं, त्यात चित्रपटापेक्षा मुलांबद्दलच जास्त आहे. सुरुवातीला मुलं मजेत ओरडत होती. पुढे थिएटर गप्प झालं. शेवटी नायकही वाचत नाही, हे पाहून ती सुन्न झाली. नऊएक वर्षांची एक मुलगी जागच्या जागी खिळून रडत होती, असं त्यांनी नोंदवलं आहे. भयपटावर मी वाचलेला हा सर्वांत चांगला शेरा. त्यात आकड्याची गरजच पडत नाही.

वयाची श्रेणी आली म्हणून जबाबदारी संपली, असंही नाही. अमेरिकेत ती अपुरी पडली, म्हणून १९८४ साली 'पीजी-१३' ही नवी पायरी घालावी लागली. आपल्याकडेही २०२४पासून 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा असे तीन भाग झाले. चांगलंच झालं. पण सात वर्षांची सगळी मुलं एकसारखी नसतात. १९९३ साली 'झपाटलेला' पाहून थिएटरातली बरीच मुलं खदखदून हसत होती. माझी मुलगीही हसली आणि घरी येऊन तिनं आपली बाहुली कपाटात बंद करून टाकली. कोणत्याही मंडळाच्या प्रमाणपत्रात हे कपाट दिसणार नाही. ते आईबापांनाच दिसायला हवं.

तेव्हा भयपट पाहणाऱ्या कुटुंबांना माझ्या दोन साध्या सूचना. पहिली, तक्त्यावर 'शेरा' असा एक रकाना वाढवा. 'सात' लिहिण्याऐवजी 'जिन्यावर पावलं वाजली तेव्हा आईचा हात धरला' असं लिहू द्या. आणि पहिला शेरा घरातल्या सर्वांत मोठ्या माणसानं लिहावा. बाबा घाबरले, हे बाबांच्याच अक्षरात दिसलं, की मुलाचाही हात खरं लिहायला मोकळा होतो. माझ्या मुलीकडे हा रकाना आला आणि जावईबापूंनी त्यात अगदी दिलखुलास कबुली दिली. पुढच्या शनिवारी नातीनं दोनावरून थेट आठावर उडी घेतली. खाली शेरा होता, 'डोळे मिटले होते, पण आवाज ऐकू आला.' शेजारच्या एका मुलानंही मग आपला जुना आकडा खोडला.

दुसरी सूचना, गुण रात्री देऊ नका. सकाळी चहाच्या वेळी द्या. रात्रीचे गुण छातीच्या धडधडीला मिळतात, आणि ते काम तर अंधारात पडलेलं पातेलंही करतं. उजेडात, रात्रीची झोप कशी लागली ते आठवून जो आकडा लिहाल, तो खरा. दचकवणारे चित्रपट सकाळपर्यंत आठवतही नाहीत. चांगला भयपट मात्र पोळी लाटतानाही आठवतो. आपण कुणाला गमवायला भितो, एकटेपणाला किती भितो, घरातल्याच माणसाच्या रागाला भितो का, असलं काहीतरी तो विचारत राहतो. त्याला गुण द्यायचे, तर त्या प्रश्नाचे द्यावेत.

बाकी ३१ ऑक्टोबरला ज्यांना घाबरायचं आहे, त्यांनी खुशाल घाबरावं. फक्त मूल शेजारी असेल, तर अधूनमधून पडद्यावरची नजर काढून त्याच्या तोंडाकडे पाहावं. आजी तेच करायची, आणि तिला गुण कुणी विचारले नव्हते.