सुधारकाच्या घरातला वेगळा मुलगा

घराशी न पटणारा मुलगा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कर्मठ बाप उभा राहतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या घरात तसं काहीच नव्हतं. वडील महर्षी कर्वे. १८९३ मध्ये विधवेशी लग्न करून मुरूड या आपल्या गावाचा बहिष्कार सोसलेले, पुढे विधवांसाठी आश्रम उभारलेले. अशा सुधारकाच्या पोटी जन्मून आणखी वेगळं ते काय व्हायचं? रघुनाथराव झाले. वडिलांनी बायकांना शाळेची वाट दाखवली. मूल हवं की नको हे बाईनंच ठरवावं आणि कामसुखावर तिचाही हक्क आहे, असं मुलानं उघडपणे मांडलं.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. मग जुलै १९२७ मध्ये त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक निघालं.

या मासिकातला पत्रव्यवहार आजही वाचावा असा आहे. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, नवरा-बायकोतलं अवघडलेपण. जे कुणापुढे बोलता येत नसे ते वाचक इथे विचारत आणि संपादक रघुनाथराव रोजच्या साध्या मराठीत उत्तर देत. पाप नाही, प्रवचन नाही. याच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये रघुनाथरावांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, दंड भरावा लागला, तरी मासिक चालू राहिलं.

एवढं बळ आलं कुठून? ‘एकटा लढला’ म्हणून आपण अशा माणसांचे पुतळे करतो आणि तिथेच चुकतो. रघुनाथराव समाजात एकाकी होते हे खरं, पण पत्नी मालतीबाई या कामात बरोबरीनं उभ्या होत्या. नाव लपवून का होईना, पत्र लिहिणारे वाचक होते. आणि दर महिन्याला अंक काढायचाच होता. अंगावर ठरलेलं काम असलं की माणूस शिव्या मोजत बसत नाही. वेगळेपण असं रोजच्या कामाला जुंपलं तरच त्यातून ताकद मिळते. नाहीतर ते नुसतं सलत राहतं. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले, तोवर म्हणजे सव्वीस वर्षं, त्यांनी मासिक चालवलं.

स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या घरांनी तर हे नाव विसरू नये. आईबापांनी जातीबाहेर लग्न केलेलं असतं, त्याचा त्यांना रास्त अभिमानही असतो. पण मुलगी ‘मला लग्नच करायचं नाही’ म्हणाली किंवा मुलानं आपण समलिंगी असल्याचं सांगितलं, की तेच घर गप्प होतं. आपण थांबलो तिथेच सुधारणा संपली, असं कोणत्याच पिढीनं मानू नये. मूल असं काही सांगायला आलं, तर पटो न पटो, त्याला समोर बसवून शेवटपर्यंत ऐकून घ्या. आणि निदान रागापोटी त्याच्या शिक्षणाची फी तरी अडवू नका.