रविवारच्या वर्गात व्याकरण हवंच

1960 नंतर इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, बहुतेक शाळांतून व्याकरणाचा स्वतंत्र तास हळूहळू हद्दपार झाला. मुलांनी भरपूर वाचावं, लिहावं, नियम आपोआप अंगवळणी पडतील, असा तेव्हाचा सूर होता. त्याला आधारही मिळाला. न्यूझीलंडमधला 1976 सालचा एक अभ्यास अजून सांगितला जातो: माध्यमिक शाळेत व्याकरण शिकलेली आणि न शिकलेली मुलं लेखनात जवळपास सारखीच निघाली. पुढे वारं फिरलं आणि 2013 पासून इयर सिक्सच्या मुलांना व्याकरणाची वेगळी परीक्षा आली.

आपल्या रविवारच्या मराठी वर्गात मात्र तो जुना सूर अजून टिकून आहे. गाणी, गोष्टी, संवाद; व्याकरण नको, मुलं कंटाळतील. न्यूझीलंडचा अभ्यास इथे लावणं मला चूक वाटतं. ती मुलं इंग्रजी कानावर घेतच वाढत होती. आपल्या कित्येक मुलांना मराठी भेटते ती आजीच्या फोनवर आणि रविवारी. एवढ्याशा ऐकण्यातून नियम आपोआप कसे उमगणार? म्हणून ‘आई पोळी केली’, ‘शाळामध्ये गेलो’ अशी वाक्यं वर्षानुवर्षं तशीच राहतात, आणि आपण कौतुकाने हसतो.

खरं तर शाळेचं शाळेत, भाषेचं भाषेत, रस्त्याचं रस्त्यावर का होतं, हे दहा मिनिटांत सांगता येतं. आकारान्त स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी शब्दांच्या दोन रांगा फळ्यावर मांडल्या की मुलं नियम स्वतःच शोधतात. (काका-मामा तेवढे बदलत नाहीत. नातेवाईक कुठल्याच नियमाला जुमानत नाहीत!) ‘आईने पोळी केली, लाडू केला’ यातलं क्रियापद आईचं न ऐकता पोळीचं आणि लाडवाचं ऐकतं, याची तर मुलांना गंमतच वाटते.

‘स ला ते, स ला ना ते’ची घोकंपट्टी मलाही नको. समासाचे प्रकारही राहू देत. पण जी मुलं इंग्रजीत फ्रंटेड ॲडव्हर्बियल ओळखतात (पालकांनी ओळखून दाखवावं!), त्यांना लिंग आणि सामान्यरूप झेपणार नाही, हे मला पटत नाही. कंटाळ्याची भीती मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त आहे.

पुढच्या सत्रापासून प्रत्येक वर्गात वीस मिनिटं व्याकरणाला द्यावीत, अशी कार्यकारिणीला आणि शिक्षकांना विनंती. सरावाचे कागद तयार करायला मदत करू इच्छिणाऱ्या पालकांनी वर्ग सुटल्यावर जरूर भेटावं.