सुई जरा वर टोचली, तर भरपाई कोणी द्यावी?

१/ लस दंडाच्या स्नायूत टोचायची असते. सुई जरा वर गेली, तर ती खांद्याच्या सांध्यालगतच्या द्रवपिशवीत शिरते; तेथे दाह होतो आणि हात कित्येक महिने वर उचलत नाही. या दुखापतीला अमेरिकी कायद्यात स्थान कसे मिळाले, त्याचा हा इतिहास.

२/ १९८०च्या दशकात तेथे डीपीटी लशीविरुद्ध दाव्यांची रीघ लागली. उत्पादक एकामागून एक बाहेर पडले, किमती भडकल्या. लसच दुर्मीळ होईल या धास्तीने १९८६ मध्ये कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून भरपाई योजना सुरू झाली.

३/ तिचे सूत्र असे की, दोष कोणाचा हे सिद्ध करावे लागत नाही. लशीच्या प्रत्येक मात्रेवर, ती ज्या आजारांपासून वाचवते त्या प्रत्येकामागे ७५ सेंट कर बसतो. निधी त्यातून उभा राहतो. वेदनांपोटी कमाल २,५०,००० डॉलर मिळू शकतात.

४/ २०१० मध्ये १३ दाव्यांच्या अभ्यासातून या दुखापतीला ‘सिर्वा’ हे नाव मिळाले. २०१७ मध्ये ती अधिकृत तक्त्यात आली. वेदना ४८ तासांत सुरू झाल्या, त्याच खांद्यापुरत्या राहिल्या, खांदा आधीपासून दुखरा नव्हता आणि त्रास सहा महिन्यांहून अधिक टिकला, तर सामान्यतः कारण लसीकरणच मानले जाते.

५/ जानेवारी २०२१ मध्ये सरकारने ती तक्त्यातून वगळण्याचा नियम काढला. युक्तिवाद असा : हा दोष टोचणाऱ्या हाताचा, लशीचा नव्हे. नवे सरकार आल्यावर, अंमलापूर्वीच, एप्रिलमध्ये तो नियम रद्द झाला.

६/ युक्तिवाद वरकरणी बिनतोड. पण तो मान्य केला असता तर दुखावलेल्याला परिचारिकेला किंवा औषधविक्रेत्याला न्यायालयात खेचावे लागले असते. दोषाचा शोध टाळण्यासाठीच योजना जन्मली होती. तोच शोध मागल्या दाराने परतला असता.

७/ कोविड लशी मात्र वेगळ्या योजनेत गेल्या. तेथे अर्जाला एकच वर्षाची मुदत आणि वेदनांची भरपाई शून्य.

८/ लस समाजाच्या हितासाठी घेतली जाते; मग तिचा विरळा अपघात एकट्याच्या खांद्यावर का टाकावा? लसीकरणाच्या पुरस्कर्त्यांनीच भरपाईचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा. दुखापत नाकारल्याने विश्वास वाढत नाही. ती मान्य करून भरून दिल्याने वाढतो.