क्रूझर बाइकला यूएसडी फोर्क: लूक बदलतो, पण गाडीचं गणितही बदलतं

बजाज डॉमिनार ४०० ला २०१९ मध्ये यूएसडी फोर्क मिळाले. २०२३ मध्ये रॉयल एनफिल्डने सुपर मिटिऑर ६५० हे क्रूझर ४३ मिमीच्या शोवा यूएसडी फोर्कसह विकायला काढलं. तेव्हापासून जुन्या क्रूझरवाल्यांना प्रश्न पडतो: आपल्या गाडीलाही हे शॉकअप बसवता येतील का? बसतात. पण त्याची किंमत फक्त गॅरेजच्या बिलात दिसत नाही.

फरक नेमका काय?

साध्या टेलिस्कोपिक फोर्कमध्ये बारीक नळी वर, हँडलच्या टीमध्ये पकडलेली असते आणि जाड भाग खाली चाकाकडे असतो. यूएसडी म्हणजे हेच उलटं. जाड नळी वर आल्यामुळे जोरात ब्रेक मारला तरी फोर्क कमी वाकतो. तोटा असा की ऑइल सील खाली, चिखल-खडीच्या जवळ येतं. ते फुटलं की ऑइल सरळ ब्रेककडे ओघळतं.

जाड नळी जुन्या टीमध्ये मावत नाही, म्हणून टीही बदलावी लागते. नव्या टीचा स्टेम चेसीच्या नळीत आणि कोनसेटमध्ये तंतोतंत बसेलच असं नाही. मग लेथवर काम होतं, कधी वेल्डिंगही होतं. हँडल आणि चाक याच एका स्टेमवर अवलंबून असतात, हे विसरू नका.

ट्रेलचं गणित

ट्रॉलीचं छोटं चाक ओढताना आपोआप मागे वळून सरळ राहतं. बाइकचं पुढचं चाकही तसंच सरळ राहतं. हँडल ज्या तिरक्या रेषेभोवती फिरतं, ती रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल.

आता उदाहरण. मिटिऑर ३५० चा पुढचा टायर १००/९०-१९, म्हणजे त्रिज्या साधारण ३३१ मिमी. डॉमिनारचा ११०/७०-१७, त्रिज्या साधारण २९३ मिमी. फोर्कसोबत चाकही आणलं, तर पुढची बाजू तिथेच ३८ मिमी खाली येते. समजा हँडलचा कोन २७ अंश आणि टीचा ऑफसेट ५० मिमी आहे. मग ट्रेल सुमारे ११२ मिमीवरून ८४ मिमीवर येतो, म्हणजे पाव हिस्सा गेला. फोर्क आखूड असेल तर आणखी कमी होतो. नव्या टीचा ऑफसेट कमी असेल तर उलट वाढतो. म्हणून मोजल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

ट्रेल कमी झाला की हँडल हलकं वाटतं, गल्लीत मजा येते. पण नगर-मनमाड रस्त्यावर ८० च्या वेगात खड्डा लागला की तेच हँडल थरथरू शकतं.

एबीएसचाही प्रश्न आहे. लहान चाक त्याच वेगाला सुमारे १३ टक्के जास्त फेरे घेतं. पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाची तुलना करणाऱ्या यंत्रणेचा यात गोंधळ उडू शकतो. सेन्सर आणि त्याची रिंग जुळली नाही, तर एबीएस बंदच पडतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. आरसीवर फोर्कचं नाव नसतं, पण व्हीलबेस असतो, आणि फोर्क बदलला की तो हलतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनीही न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते.

गंमत म्हणजे वाहनं तपासणारी देशातली एक मोठी संस्था आपल्याच जिल्ह्यात आहे. वाहननगरला डीआरडीओची व्हीआरडीई आहे आणि तिथे वाहनचाचणीचे ट्रॅक आहेत. पण तिथली तपासणी मुख्यतः कंपन्यांच्या मॉडेलची असते. सीएनजी किटला मंजुरीची ठरलेली वाट आहे. गॅरेजमध्ये बदललेल्या एकट्या गाडीच्या फोर्कला तशी सरळ वाट नाही. खरी अडचण इथे आहे: काम चांगलं झालंय की वाईट, हे कागदावर सिद्ध करायची सोयच मालकाकडे नाही.

मग करायचं काय?

पुढची बाजू मऊ वाटत असेल, ब्रेक मारताना खूप दबत असेल, तर आधी आहे त्याच फोर्कचं ऑइल बदला, सील आणि कोनसेट तपासा, कंपनीच्या मापाच्या नव्या स्प्रिंग टाका. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात आणि आरसीला धक्का लागत नाही. यूएसडीच हवे असतील, तर ते कंपनीतूनच येतात अशी गाडी घेणं जास्त शहाणपणाचं. तिथे कोन, ट्रेल, ब्रेक आणि एबीएस एकमेकांशी जुळवून, तपासून दिलेले असतात.