बल्हारशाहचा पूल आणि "इंग्रज होते म्हणून..."

वर्धा नदीवरचा बल्हारशाहचा रेल्वे पूल "इंग्रजांनी बांधला म्हणून टिकला" हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की डोकंच सणकतं. पूर्वी ते जीटीच्या खिडकीत बसलेले मामा म्हणायचे. आता ते घरच्या ग्रुपवर येतं, हात जोडलेल्या चित्रांसकट. मंडळी, नातं जपून सांगतो, हे वाक्य अर्धं चूक आहे आणि उरलेलं अर्धं धोकादायक आहे.

आधी चूक काय ते. (गावाचं नाव बल्लारपूर, रेल्वेच्या पाटीवर बल्हारशाह. हा घोळ आम्ही चांदेकरांनी कधीच मिटवला नाही, तेव्हा मीही मिटवत नाही.) बल्लारपूर हे इंग्रजी मुलखाचं टोक होतं. नदीच्या अलीकडे मध्य प्रांत, पलीकडे राजुरा म्हणजे मोगलाई, निजामाचं राज्य. माल पलीकडे न्यायचा तर करोडगिरी भरायची. वर्ध्याहून इकडे जी रेल्वे आली ती तुमच्याआमच्या प्रवासासाठी नाही, कोळशासाठी आली. आधी ती वरोऱ्यापर्यंत होती. १९०६ साली वरोऱ्याची खाण बंद पडली, तोवर बल्लारपूरचा कोळसा निघू लागला होता, आणि रूळ इथवर पोचले. पुढे नदी आणि परकं राज्य. बरीच वर्षं रूळ इथेच संपत होते.

नदीपलीकडचा, थेट काझीपेटपर्यंतचा मार्ग निजामाच्या रेल्वेचा. तो १९२९ साली पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास सरळ जोडले गेले. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस त्याच वर्षीची. ती रेल्वे कंपनी लंडनला स्थापन झालेली, पण तिच्या भागधारकांच्या नफ्याची हमी निजामाच्या तिजोरीची होती. १९३० साली निजाम सरकारने ती ताब्यातच घेतली. म्हणजे इंजिनियर साहेब असतीलही, नाही म्हणत नाही. पण तिजोरी भरत होता तो मोगलाईतला रयत, सारा देणारा. त्यात राजुऱ्याचा मराठी आणि गोंड शेतकरीही आलाच. आभार मानायचेच असतील तर निदान योग्य पत्त्यावर पाठवा.

आता धोकादायक अर्ध्याकडे. "त्या काळचं बांधकामच तसं!" बरं. महाडचा सावित्री नदीवरचा पूल १९२८ सालचा. म्हणजे जीटीच्या जन्माच्या आदल्या वर्षीचा, इंग्रजी अमदानीतला, दगडी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी बस गेल्या, माणसांसकट. तोच काळ, तेच साहेब. मग तो का नाही टिकला? जे पूल कोसळले, वाहून गेले, पाडले गेले, ते तुमच्या मोजणीत येतच नाहीत. उरलेले तेवढे दिसतात आणि आपण म्हणतो, बघा, सगळे कसे टिकलेत!

रेल्वेचा जुना पूल टिकतो तो सांभाळल्यामुळे. गर्डर बदलतात. दगडी खांबांना आवरण चढवतात. खांबावर पाण्याच्या धोक्याची खूण रंगवलेली असते आणि भर पावसात, रात्री, रेनकोट घालून हातात दिवा घेतलेला माणूस ती खूण बघायला जातो. पाणी खुणेला टेकलं की गाडी थांबते. एकेरी मार्ग दुहेरी झाला, आता तिसऱ्या लाईनचं चाललंय, वजनदार मालगाड्या आल्या, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी बसून हिशोब केला की पूल हे पेलेल का. ही सगळी आपली माणसं. आमच्या शेजारच्या चाळीत असे गँगमन राहत. त्यांच्या नावाने एकही निरोप मला आजवर कोणी फॉरवर्ड केलेला नाही.

आणि हा सांभाळ कशासाठी होतो? कोळसा आणि मेल थांबून चालत नाही म्हणून. त्याच नदीवर बामणीहून राजुऱ्याला जाणाऱ्या रस्त्याची गोष्ट बघा. २०२२ च्या जुलैत वर्धेला पूर आला आणि राजुऱ्याचा रस्ता बंद पडला. पलीकडे सास्तीच्या कोळसा खाणी, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने, आणि इकडच्या दवाखान्यांवर, कॉलेजांवर अवलंबून असलेली अख्खी गावं. रस्त्याचा पूल ठेंगणा बांधतात तो कोणाला अक्कल नसते म्हणून नव्हे. पाणी वरून जाऊ द्यायचं, चार दिवस माणसं थांबतील, पैसे वाचतील, असा तो सरळ हिशोब असतो. कोळशाने थांबायचं नाही, बाळंतिणीने थांबायचं. हा हिशोब इंग्रज गेल्यावरही आपण बिनतक्रार चालू ठेवला, आणि त्यावर बोलायच्या ऐवजी आपण साहेबाच्या चुन्याची तारीफ करत बसलो.

बरं, नदीचं सोडा. २७ नोव्हेंबर २०२२ ला बल्हारशाह स्टेशनातल्याच पादचारी पुलाचा स्लॅब खाली आला. एक बाई गेल्या, कितीतरी जखमी झाले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर काय? "इंग्रजांच्या काळात असं होत नसे." अहो, तो पूल शेवटचा कोणी तपासला, कधी, कागद कुठे आहे, एवढं तरी विचारा की! गेलेल्या साहेबाला कोणी जाब विचारू शकत नाही, हीच त्या वाक्यातली सोय आहे.

या पुलाबद्दल अभिमानाने किंवा कुतूहलाने सांगण्यासारखं काही हवं असेल तर हे घ्या. १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, तेरा महिने, या पुलाचं एक टोक स्वतंत्र भारतात होतं आणि दुसरं हैदराबाद संस्थानात. पुढे १९५६ ला राजुरा मुंबई राज्यात आलं, आधी नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ ला चांद्याला. इकडे झेंडावंदन, तिकडे रझाकारांची दहशत, आणि मधे एक नदी. त्या वर्षी पूल ओलांडून कोण आलं, कोण गेलं, कोणाला परत पाठवलं? आपल्याच घरात ऐंशी-नव्वदीतली तीन माणसं आहेत, आणि राजुऱ्याची आत्या त्यातली एक. दिवाळीला जाणार आहे, रेकॉर्डर घेऊन. तुमच्याकडे कोणी असेल तर त्यांनाही विचारा आणि इथे खाली लिहा.